जेसीबी बोलवायच्या आधी सुताराला बोलवा

गावातलं जुनं घर यंदाच्या उन्हाळ्यात पाडायचं ठरलं असेल, तर जेसीबीवाल्याला फोन करायच्या आधी गावच्या सुताराला बोलवा. त्याला घरभर फिरवा आणि काय काय धड निघेल ते विचारा. मग जेसीबीची तारीख ठरवा.

आष्टीपासून परळीपर्यंत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात शिरा, कुलूप लागलेली माळवदं दिसतील. मालक बीडला, संभाजीनगरला नाहीतर पुण्याला असतो. दोन-चार पावसाळे कुणी माळवदावर माती टाकत नाही, पाणी मुरतं, एक भिंत बसते. शेजारी कुरकुर करतात, भावाभावांत वाटणी होते आणि पाडायचं ठरतं. सकाळी जेसीबी येतो. दुपारपर्यंत घराच्या जागी ढीग असतो. त्या ढिगात सागवानी खांब चिरलेले असतात, चौकटी मोडलेल्या असतात, शहाबादी फरशीचे तुकडे झालेले असतात. लाकूड भट्टीत जातं, लोखंड भंगारात जातं आणि दगडमाती ओढ्यात नाहीतर रस्त्याच्या कडेला पडते. त्याच आठवड्यात, त्याच गावात, कुणीतरी घरकुलाच्या दारासाठी उसने पैसे शोधत फिरत असतं.

या दोन घरांची गाठ पडत नाही, हे मला खरंच लागतं. वस्तूही गावात आहे आणि गरजही गावातच आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरात काय असतं ते एकदा मोजून बघा. माळवदाचं घर खणांवर मोजतात. पाच खणांचं घर, नऊ खणांचं घर. प्रत्येक खणाला खांब, खांबावर तुळई, तुळईवर सर, त्यावर किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ज्यांची ऐपत होती त्यांनी सागवान वापरलं, बाकीच्यांनी लिंब आणि बाभूळ. पण बाभळीचा जुना खांबही आज वखारीत मिळणाऱ्या हलक्या लाकडापेक्षा टिकाऊ असतो, कारण तो कधीच वाळून पक्का झालेला असतो. नवं लाकूड पिळतं, जुन्याचं पिळणं संपलेलं असतं. याशिवाय दारं, चौकटी, बिजागऱ्या, कडीकोयंडे, खिडक्यांचे गज, कपाटाच्या फळ्या, पायऱ्यांचे घडीव दगड, जोत्याचा काळा दगड, न्हाणीची फरशी, पत्रे. भिंतीतली पांढरी मातीसुद्धा टाकाऊ नाही. अजून माळवदात राहणाऱ्यांना दरवर्षी पावसाळ्याआधी तीच लागते.

आता व्यवहाराचं. बहुतेक ठिकाणी घर उक्तं दिलं जातं. "लाकूड तुझं, जागा मोकळी करून दे" एवढ्यावर सौदा होतो आणि मालकाला वाटतं, पाडायचा खर्च वाचला. माझा सल्ला असा की उक्तं देऊ नका. सुताराकडून सागवान वेगळं मोजून घ्या, घनफुटात. त्याचा भाव दोन वखारींत विचारा. लिंब-बाभूळ वेगळं, दारं-चौकटी नगावर, फरशी फुटावर, लोखंड किलोवर. एवढं मोजायला एक दिवस जातो. मोजल्यावर तुमच्या हातात एक यादी येते, आणि त्या यादीतलं काय विकायचं, काय द्यायचं हे तुम्ही ठरवता, दलाल ठरवत नाही. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी सगळं विकावं, त्यात काही गैर नाही. पण ज्यांचं बरं चाललंय त्यांनी निदान दारं आणि पत्रे गावातच ठेवावेत, एवढी विनंती आहे.

दारंच का म्हणतो, ते घरकुलाचा हिशोब बघितला की कळतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला केंद्राच्या नियमाने मूळ मदत १ लाख २० हजार रुपये धरली आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी मिळते, शौचालयाला १२ हजार वेगळे. पैसे हप्त्याहप्त्याने येतात. सिमेंट, सळई, वाळू, विटा यांतच ते संपतात. वाळूचे हाल तर गोदाकाठच्या गेवराईकरांना आणि सिंदफणाकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नकोत. स्लॅब पडेपर्यंत माणूस दमलेला असतो, आणि दार, खिडक्या, फरशी, मोरी हे सगळं "पुढच्या वर्षी"वर जातं. कितीतरी घरकुलांना वर्षानुवर्षं दाराच्या जागी पत्र्याचा तुकडा नाहीतर साडीचा पडदा असतो. ज्या घरातली कर्ती माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि म्हातारी माणसं, शाळेतली पोरं मागं राहतात, त्या घराला रात्री आतून कडी लावता येईल असं दार नसणं म्हणजे काय, याचा विचार करा. तुमच्या वाड्याचं एक दार तिथे लागलं तर त्या घरातल्या पोरी रात्री निर्धास्त झोपतील.

आणि या योजनेत घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं, ठेकेदाराला मध्ये जागा नाही. म्हणजे कुठली चौकट बसवायची हे घरमालकाच्या हातात आहे. फक्त गावाचं काम बघणाऱ्या अभियंत्याला आधी दाखवून घ्या, म्हणजे पुढच्या हप्त्याला अडचण यायला नको.

२०२५ च्या सप्टेंबरमधली अतिवृष्टी अजून विसरलेली नाही. सिंदफणा, मांजरा, गोदावरीच्या काठांवर, आष्टीकडे कड्याच्या भागात पाणी घरांत शिरलं, मातीच्या भिंती बसल्या. अशा वेळी मदत येते ती धान्याची, ब्लँकेटची, कपड्यांची. ती लागतेच. पण पाणी ओसरल्यावर माणूस पडक्या घरासमोर उभा राहतो तेव्हा त्याला पत्रे, वासे आणि दार हवं असतं, आणि ते ट्रकमधून कुणी आणत नाही. शेजारच्या गावात कुणी शेडचे चांगले पत्रे उतरवून ठेवलेले असतील तर ते दोन दिवसांत पोचू शकतात. त्यासाठी ते कुठे आहेत हे माहीत असायला हवं. त्याकडे शेवटी येतो.

आधी घर उकलायचं कसं ते बघू. पाडणं वेगळं आणि उकलणं वेगळं. उकलताना बांधलं त्याच्या उलट क्रमाने जायचं. वीज तोडून घ्या, मीटर काढून घ्या. मग दारं आणि खिडक्यांची तावदानं बिजागरीतून सोडवा. पण भिंतीचा भार ज्या चौकटीवर आहे ती आत्ताच ओढू नका, वरचा भार उतरल्यावरच काढा. मग माळवदावरची माती खाली घ्या. ही माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, सगळीकडून सारखी कमी करत या, नाहीतर एकीकडचा भार हलका होऊन दुसरीकडची तुळई अचानक बसते. किलचन, मग सर, मग तुळया, शेवटी खांब. भिंती वरून खाली, थराथराने. आतून पोकळ झालेली किंवा पोट सुटलेली भिंत असेल तर तिच्याखाली कुणालाही उभं करू नका. जुन्या घराच्या भिंतीत साप-विंचू हमखास असतात, त्यामुळे हातात जाड मोजे आणि पायात बूट हवेत. लहान पोरांना दगडं वेचायला सोडू नका. जेसीबीला शेवटी बोलवा, जोतं उकरायला आणि उरलेली माती उचलायला. तेव्हा तो फार कामाचा आहे.

खिळे त्याच दिवशी उपटून डब्यात टाका. खिळ्यासकट ठेवलेलं लाकूड सुताराच्या करवतीचं नुकसान करतं आणि कुणाच्या तरी पायात जातं. लाकूड जमिनीवर ठेवू नका. खाली दगड, त्यावर लाकूड, मध्ये हवा खेळेल अशी फट, वर ताडपत्री. जमिनीला टेकलेल्या सागवानालाही एका पावसाळ्यात वाळवी गाठते.

आता घेणाऱ्यांसाठी. जुना खांब घेताना त्याला ठोकून बघा. भरीव लाकूड टणक वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. टोकं बघा, कारण वाळवी आणि ओल दोन्ही टोकांतून शिरतात. भिंतीत गाडलेलं टोक कुजलेलं असेल तर तेवढं कापून बाकीचं वापरता येतं, आणि भाव करताना तेवढी लांबी धरू नका. बारीक भोकांतून पिवळसर भुकटी गळत असेल तर किडा अजून जिवंत आहे. ते लाकूड कडक उन्हात टाका, सुताराला विचारून औषध मारा आणि ते वाळल्यावर जवसाचं तेल पाजा. चौकट घेताना दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे नसतील तर दार लागणार नाही. आणि सगळ्यात सोपी गोष्ट लोक विसरतात ती ही: आधी चौकट घ्या, मग भिंतीत तिच्या मापाची जागा सोडा. भिंत झाल्यावर जुनी चौकट शोधायला निघालात तर कधीच बसणारी मिळत नाही.

विटा मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतील तर खरवडून अगदी नव्यासारख्या निघतात. सिमेंटमधल्या विटा सोडवायला गेलात तर निम्म्या मोडतात, त्या तुकडे करून जोत्याच्या भरावात घाला. एकमेकींवर वाजवल्यावर खणखणीत आवाज आला तर वीट चांगली. वापरण्याआधी भिजवायला विसरू नका. शहाबादी फरशीही तशीच. कर्नाटकातल्या शहाबादेहून आलेला हा दगड मराठवाड्यातल्या घराघरांत आहे, चुन्यावर बसवलेला असेल तर पहारीने अलगद उचलतो, आणि उलटा करून किंवा घासून पुन्हा पन्नास वर्षं चालतो. टिनपत्र्याची भोकं बघा, गंज पोटात आहे की फक्त कडेला ते बघा. जुन्या भोकांतूनच नवा खिळा जाईल असं अंतर धरलं तर गळती कमी होते.

काही गोष्टी मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका, आणि दान म्हणून देऊही नका. स्लॅबमधून काढलेली सळई सरळ करून पुन्हा स्लॅबला किंवा कॉलमला वापरू नका. वाकवून सरळ केलेल्या सळईचा भरवसा नसतो; ती कुंपणाला, मांडवाला, वेलाच्या जाळीला चालेल. जुन्या वायरी आणि बटणं नकोत. सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका, कापू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. जुन्या दारावरचा तैलरंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगांत शिसं भरपूर असू शकतं आणि ते लहान मुलांना फार घातक असतं. रंग ओला करून खरवडा, खरवड गोळा करून पिशवीत भरा, पोरांना लांब ठेवा.

आणि लाकूड जुनं घ्या, पण छपराचं जुनं ओझं घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत झालं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मारलं ते गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंतींनी आणि वरच्या मणामणांच्या मातीने. त्याच भूकंपात काही घरांत भिंती बाहेर पडल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि खालची माणसं वाचली. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. जुने खांब आणि तुळया पत्र्याच्या किंवा हलक्या छपराखाली नीट जोडून वापरा. त्यांच्यावर पुन्हा हातभर माती चढवू नका.

घडीव, कोरीव वस्तूंबद्दल एक वेगळी सूचना. जोतं उकरताना वीरगळ, मूर्ती, अक्षरं कोरलेला दगड निघाला तर तो पायात घालू नका आणि विकूही नका. तहसीलला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. आपल्या भागात गढ्यांच्या आणि घरांच्या भिंतींत जुन्या देवळांचे दगड बसलेले आहेत, त्यामुळे असं निघणं काही नवलाचं नाही. शंभर वर्षांहून जुनं, नक्षीचं दार किंवा खांबही १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतो. शहरातून गाडी घेऊन येणारा माणूस "जुनं लाकूड" म्हणून अशा गोष्टी कवडीमोलाने नेतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन बघा, अशी दारं आणि खिडक्या किती जपून ठेवल्या आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तिथे तो दालनासारखा पुन्हा उभा केला आहे.

"दुसऱ्याच्या घरचं लाकूड आपल्या घराला लाभत नाही" असं म्हणणारे भेटतील. त्यांना आपल्याच भागाचा इतिहास सांगा. जायकवाडी आणि माजलगाव धरणांच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हा लोकांनी घरं उकलून तुळया, दारं, पत्रे गाड्यांत भरले आणि नव्या गावठाणात त्याच वस्तूंनी घरं उभी केली. किती शेतांतले गोठे गावातल्या पडक्या घरांच्या लाकडावर उभे आहेत ते मोजा. परळीच्या औष्णिक केंद्राची राख आज विटांत जाते आणि त्या विटांची घरं होतात, त्याला कुणी नावं ठेवत नाही. जुनं दार घेतलं म्हणून कुणाची पत कमी होत नाही. कर्ज काढून नवं दार घेतलं तर मात्र खरोखरच ओढाताण होते.

देणाऱ्यांनीही एक पाळावं. मोडकं, कुजलेलं, ज्याचा सरपणाशिवाय उपयोग नाही असं दुसऱ्याच्या दारात टाकून त्याला दान म्हणू नका. ज्याला द्यायचं त्याला आधी बोलवा, त्याला बघू द्या, नको असेल ते नाकारू द्या. शक्य असेल तर तुमच्याच ट्रॅक्टरने पोचवा, कारण गरिबाला फुकटची तुळईसुद्धा भाड्यामुळे महाग पडते. फोटो काढून गावभर फिरवू नका. काही लोकांना फुकट घेणं जड जातं. अशांना नाममात्र किमतीला द्या, ते ताठ मानेने घेतील. विकलं किंवा दिलं, दोन्ही वेळा साध्या कागदावर पावती करा: कुणाच्या घराचं, कोणतं लाकूड, किती नग, कुणाला. सागवान दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला सोबत ठेवा आणि वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारा, म्हणजे रस्त्यात गाडी अडल्यावर पळापळ होणार नाही.

राडारोडा ओढ्यात टाकू नका, हे वेगळं सांगायची वेळ यायला नको होती. बांधकामाच्या कचऱ्याचे देशात २०१६ पासून नियम आहेत, त्यात लाकूड, लोखंड, विटा, माती वेगवेगळं करायला आणि रस्त्यावर किंवा गटारात न टाकायला सांगितलं आहे. नियम नसता तरी ओढ्याचं पाणी अडून पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या घरात शिरणार हे गावाला कळतंच.

आता वस्तू आणि गरज यांची गाठ कशी घालायची. कॅनडातल्या विनिपेग शहरात १९९१ साली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने एक दुकान सुरू केलं. लोकांनी दिलेली दारं, खिडक्या, फरश्या, नळ तिथे कमी किमतीला विकतात आणि आलेला पैसा गरजूंच्या घरांना लावतात. पुढे अशी दुकानं अनेक देशांत झाली. आपल्याला इमारत लागत नाही, दुकानाचं नाव लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक रिकामी शेड, नोंदीची एक वही आणि मोजमाप कळणारा एक निवृत्त सुतार किंवा मिस्त्री, एवढ्यावर सुरू होतं. एखाद्या बचत गटाने हे काम घेतलं तर चार बायकांना त्यातून उत्पन्नही मिळेल: दारं घासणं, विटा खरवडणं, खिळे काढणं, हिशोब ठेवणं. बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांनी, शिक्षकांच्या पतसंस्थांनी, गणेश मंडळांनी यात पुढे यावं. एका मंडळाने एका वर्षी दहा घरकुलांना दारं लावली, तर वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ती जाता-येता दिसतील.

तोवर एक गोष्ट प्रत्येक गावाला आजच करता येते. आपल्याकडची बांधकामं ऊसतोडीहून माणसं परतली की पाडव्यानंतर निघतात आणि मिरगाच्या आत उरकायची घाई असते. ज्यांना घर उतरवायचं आहे त्यांनी म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच यादी करावी. तारीख ठरली की पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावच्या ग्रुपवर चार ओळी लिहाव्यात: काय निघणार आहे, माप किती, विकत की मोफत, बघायला कुणाकडे यायचं. ग्रामसेवकाकडे घरकुल मंजूर झालेल्यांची यादी असतेच. त्यातल्या ज्यांचं काम चौकटीपर्यंत आलं आहे, त्यांना पहिला फोन करावा.